लाल काच, निळी काच आणि दोन डोळ्यांची एक नजर

वाचकहो, गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे. मी ज्या शाळेत विज्ञान शिकवीत होतो तेथे प्रदर्शन भरले होते. सातवीच्या मुलांनी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे चष्मे कापले होते. डाव्या डोळ्यावर लाल जिलेटिन कागद, उजव्या डोळ्यावर निळा. भिंतीवर एक चित्र टांगले होते. साध्या डोळ्यांनी पाहिले तर छापखान्यात ठसा सरकल्यासारख्या लाल-निळ्या दुहेरी रेघा. चष्मा लावला की तीच रेघांची पेटी कागद सोडून पुढे येई आणि मुले हात लांब करून तिला चिमटीत धरू पाहत. गर्दी हटत नव्हती.

त्या गर्दीत एक मुलगा असा होता की त्याला पेटी दिसेना. "सर, नुसत्या रेघा दिसतात," असे तो म्हणे. चष्मा बदलून दिला, जागा बदलून दिली. तरी त्याचे उत्तर तेच. तो थट्टा करतो आहे असे समजून मी त्याला चार मुलांदेखत दटावले आणि बाजूस केले. ह्या मुलाकडे मी लेखाच्या शेवटी परत येणार आहे. आधी त्या लाल-निळ्या चष्म्याची कुळकथा सांगितली पाहिजे, कारण ती कळल्याशिवाय माझी चूक कोणती होती हे कळावयाचे नाही.

आपण प्रथम एक साधा प्रयोग करा. अंगठा चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरा आणि समोरच्या भिंतीवरील घड्याळाकडे पाहा. अंगठे दोन दिसतील. आता डावा डोळा मिटा, मग उजवा मिटा. अंगठा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस उडी मारील. आपल्या दोन बुबुळांमध्ये सुमारे ६ ते ६॥ सेंटिमीटर अंतर असते. तेवढ्याने प्रत्येक डोळ्याचे चित्र वेगळे होते. वस्तू जितकी जवळ, तितका हा फरक मोठा. दूरच्या डोंगरावर तो जवळजवळ नाहीसा होतो.

दोन डोळे असून जग एकच का दिसते, हा प्रश्न ग्रीक पंडितांना पडला होता. टॉलेमी आणि गेलन यांनी त्यावर लिहिले आहे. परंतु त्याचा नीट प्रयोग मांडून विचार केला तो अबू अली अल-हसन इब्न अल-हैथम याने. बसरा येथे ९६५ च्या सुमारास त्याचा जन्म झाला, आणि आयुष्याचा उत्तरार्ध कैरोत गेला. तेथे ग्रंथांच्या नकला करून तो पोट भरीत असे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याच्या 'किताब अल-मनाझिर' ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एका लाकडी फळीचे वर्णन आहे. फळीच्या एका कडेला नाकाचा दांडा बसेल अशी खाच करावयाची, फळीवर रंगीत रेषा ओढावयाच्या आणि मेणाच्या लहान खुंट्या उभ्या करावयाच्या. फळी नाकाला लावून मधल्या खुंटीकडे टक लावली की ती एकच दिसते, आणि मागची-पुढची खुंटी मात्र दुहेरी दिसते. आपण आत्ता अंगठ्याने केले तेच. पण मोजून, जागा बदलून, पुन्हा पुन्हा केलेले. हा ग्रंथ १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ मध्ये बाझल येथे छापला गेला. पुढे कित्येक पिढ्या युरोपातले प्रकाशशास्त्र त्यावर पोसले.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. अशा स्मरणिकांतून 'हे सारे आमच्या पूर्वजांनी आधीच शोधले होते' असे लिहिण्याचा मोह होतो, आणि मीही तरुणपणी तसे लिहिले आहे. इब्न अल-हैथमला त्रिमित चित्राची युक्ती ठाऊक नव्हती. दोन चित्रे कशी जुळतात, एवढेच त्याला समजावून घ्यावयाचे होते. दूरपणा कसा कळतो ह्याचे त्याने दिलेले उत्तर वेगळेच आहे: डोळ्यापासून वस्तूपर्यंत पसरलेली जमीन आणि तिच्यावरील ओळखीच्या वस्तू यांवरून मन अंतर ठरविते, असे तो म्हणतो. तेही खरेच आहे. एका डोळ्याने पाहणारा माणूस रस्ता ओलांडतो तो ह्याच आधारावर. पण दोन चित्रांतील फरक हाच खोलीचा सांगावा असतो, ही गोष्ट त्याच्या हातून निसटली. त्याच्यानंतर लिओनार्दो दा विंची तिच्या अगदी दाराशी पोहोचला आणि तोही आत शिरला नाही. फरक हा दृष्टीतला दोष, तो मनाने कसातरी निभावून न्यावयाचा, असेच सर्व जण समजत राहिले. आठशे वर्षांत कोणाला सुचले नाही ही गोष्ट इब्न अल-हैथमला कमीपणा आणीत नाही. प्रश्न किती अवघड होता, एवढेच ती सांगते.

तो प्रश्न सोडविला वाद्ये बनविणाऱ्या कुटुंबातील एका इंग्रजाने. चार्ल्स व्हीटस्टन हे त्याचे नाव. कॉन्सर्टिना हे वाद्य त्याचे, तारायंत्राच्या इतिहासातही तो आहे. पण चारचौघांत बोलावयास उभे राहणे त्याच्या जिवावर येई. १८३८ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. त्याचे म्हणणे असे की, एका घनाकृती वस्तूची दोन चित्रे काढा, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे आणि एक उजव्याला दिसेल तसे. मग ज्याचे त्याला दाखवा. मन समोर खरीच घनाकृती वस्तू उभी करील. त्यासाठी त्याने दोन आरसे काटकोनात जोडून दोन बाजूंना दोन चित्रे ठेवली. ह्या यंत्राला त्याने स्टिरिओस्कोप असे नाव दिले. फोटोग्राफीची घोषणा व्हावयाची होती १८३९ मध्ये. म्हणून व्हीटस्टनने वापरली ती हाताने काढलेली पेट्यांची आणि शंकूंची रेखाचित्रे. त्यात छाया नाही, रंग नाही, जमीन नाही. तरी खोली दिसते. म्हणजे खोली फरकातूनच येते, हे सिद्ध झाले.

पुढे डेव्हिड ब्रूस्टरने आरशांऐवजी भिंगे बसवून यंत्र लहान केले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाने ते कौतुकाने पाहिले आणि घरोघर त्याची हौस पसरली. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी 'व्ह्यू-मास्टर'चे चक्र खटखट फिरवून ताजमहाल पाहिला असेल. ते ह्याच घराण्यातले.

परंतु ह्या यंत्राची एक अडचण होती. ते एकाच माणसाचे. एका वेळी एकाने डोळे लावावयाचे आणि बाकीच्यांनी वाट पाहावयाची. वर्गातील पन्नास मुलांना एकदम दाखवावयाचे तर कसे? एकाच भिंतीवर दोन्ही चित्रे टाकली तर दोन्ही डोळ्यांना दोन्ही दिसणार. कोणते चित्र कोणाचे, हे ठरवावयास मध्ये दाराशी कोणीतरी पहारेकरी हवा. हा पहारेकरी म्हणजे रंग.

१८५३ मध्ये विल्हेल्म रोलमन याने ही कल्पना प्रसिद्ध केली. दोन चित्रे दोन रंगांच्या रेघांनी एकमेकांवर काढावयाची आणि दोन रंगांच्या काचांतून पाहावयाची. १८५८ मध्ये पॅरिसचा भौतिकीचा अध्यापक जोसेफ-चार्ल्स द आल्मेदा याने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याने दोन जादूचे कंदील घेतले, एकापुढे लाल काच आणि दुसऱ्यापुढे हिरवी काच ठेवली, पडद्यावर दोन्ही चित्रे एकत्र टाकली आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर लाल-हिरव्या काचा दिल्या. खोलीभर माणसांनी एकाच वेळी एकच घनचित्र पाहिले. मला विचाराल तर ह्या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना हीच. आणि ती एका अध्यापकाच्या हातून झाली, ह्याचा मला व्यवसायबंधू म्हणून थोडा अभिमानही वाटतो.

मग आला लुई द्युको द्यु ओरों. हा फ्रेंच गृहस्थ रंगीत छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक. रंगीत काचांतून एकाच दृश्याचे तीन फोटो घ्यावयाचे आणि तीन रंगांत ते एकावर एक छापावयाचे, ही त्याची १८६८-६९ ची कल्पना. आजची रंगीत छपाई तिच्याच वाटेने चालते. रंगाने चित्रे वेगळी करण्यात ज्याची हयात गेली, त्याला रोलमनची युक्ती फोटोच्या छपाईत आणणे सुचावे हे ओघानेच आले. १८९१ मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले आणि अशा चित्राला 'अ‍ॅनाग्लिफ' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ उठावाचे कोरीव काम.

आता, विद्यार्थी मित्रहो, युक्ती नीट समजून घ्या. कारण येथे चांगली चांगली माणसे गोंधळतात. लाल काच लाल प्रकाश आत सोडते आणि निळा-हिरवा अडविते. निळी काच ह्याच्या उलट करते. पांढऱ्या कागदाकडे लाल काचेतून पाहिले की सारा कागद लाल दिसतो. त्यावर लाल पेन्सिलीची रेघ असेल तर तीही लाल, म्हणून ती कागदात विरघळून जाते. निळ्या रेघेतून मात्र लाल प्रकाश परत येत नाही. ती काळी उठून दिसते. म्हणजे कागदावर लाल काचेच्या डोळ्याला दिसते ते निळे चित्र, आणि निळ्या काचेच्या डोळ्याला लाल चित्र. अंधाऱ्या खोलीतील पडद्यावर, जेथे चित्रच प्रकाशाचे बनलेले असते, तेथे हिशेब फिरतो: लाल काचेतून लाल चित्र दिसते आणि दुसरे नाहीसे होते. कागद आणि पडदा यांतला हा भेद ध्यानात ठेवला की कोणतेही पुस्तक वाचताना अडणार नाही.

घरी करून पाहा. डाव्या डोळ्यावर लाल आणि उजव्यावर निळा जिलेटिन कागद लावा. कागद पातळ असेल तर दोन-तीन घड्या घाला. पांढऱ्या कोऱ्या कागदावर लाल पेन्सिलीने एक चौकोन काढा. मग तसाच चौकोन निळ्या पेन्सिलीने, तीन-चार मिलिमीटर उजवीकडे सरकवून काढा. चष्म्यातून काही क्षण शांतपणे पाहा; चौकोन कागदाच्या वर तरंगेल. निळा चौकोन डावीकडे सरकवून काढला तर तो कागदाच्या मागे, खिडकीतून पाहिल्यासारखा जाईल. कारण सरळ आहे. समोर तरंगणाऱ्या वस्तूतून डाव्या डोळ्याची नजर पुढे नेली तर ती कागदावर उजवीकडे टेकते, आणि उजव्या डोळ्याची डावीकडे. दोन दोऱ्या घेऊन हे आकृतीने पडताळता येईल. चष्मा उलटा घातला की पुढचे मागे होते आणि मागचे पुढे. ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याचा फोटो असेल तर मात्र मन सहसा हट्ट करते. नाक आत गेले आहे हे मान्य करावयास ते तयार होत नाही. इब्न अल-हैथम म्हणत होता ते ओळखीचे ज्ञान येथे आडवे येते.

ह्या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. एका डोळ्यात लाल आणि एका डोळ्यात निळे असले की रंगांचे भांडण जुंपते. कधी हा रंग वर तर कधी तो. चित्राचे मूळ रंग मारले जातात. काच अगदी शुद्ध नसेल तर दुसऱ्या डोळ्याच्या चित्राची पुसट सावली मागे राहते. फार वेळ पाहिले तर डोके चढते.

सिनेमाने तरीही प्रयत्न केले. १० जून १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर थिएटरात एडविन पोर्टर आणि विल्यम वॅडेल यांनी लाल-हिरव्या चष्म्याचे तुकडे दाखविले. २७ सप्टेंबर १९२२ रोजी लॉस एंजेलिस येथे 'द पॉवर ऑफ लव्ह' हा पूर्ण लांबीचा पट दाखविला गेला. आज त्याची प्रत उपलब्ध नाही. अनेकांची समजूत अशी असते की १९५२-५३ मध्ये अमेरिकेत जी त्रिमित चित्रपटांची लाट आली ती लाल-निळ्या चष्म्यांची होती. तसे नव्हे. 'ब्वाना डेव्हिल' आणि 'हाऊस ऑफ वॅक्स' हे पट ध्रुवीकृत प्रकाशाच्या, म्हणजे पोलरॉइड चष्म्यांनी पाहावयाचे होते. त्यात रंग शाबूत राहतो. पहारा रंगाचा नसून प्रकाशलहरींच्या दिशेचा असतो. आपल्याकडे १९८४ मध्ये 'माय डियर कुट्टिचातन' हा मल्याळम पट आला तोही ह्याच जातीचा. 'हाऊस ऑफ वॅक्स'चा दिग्दर्शक आंद्रे द टॉथ ह्याला एकच डोळा होता. ज्या परिणामासाठी लोक रांगा लावीत, तो त्याला स्वतःला पाहता येत नव्हता.

लाल-निळा चष्मा जगला तो कागदावर. १९५३ मध्ये अमेरिकेत जो क्यूबर्ट आणि मॉरर बंधू यांनी मुलांसाठी एक त्रिमित चित्रपुस्तक काढले. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या आणि वर्षभरात ती लाट ओसरलीही. त्याहून महत्त्वाचे काम नकाशांच्या कचेऱ्यांतून चालले होते, आणि त्याची वार्ता फारशी कोणाला नाही. विमानातून ओळीने फोटो घेतले की लागोपाठच्या दोन फोटोंत एकच डोंगर दोन ठिकाणांहून दिसतो. जणू दोन डोळ्यांत शेकडो मीटर अंतर असलेला राक्षस खाली पाहत आहे. ती दोन चित्रे लाल आणि निळ्या-हिरव्या प्रकाशात मेजावर टाकली की रंगीत चष्मा लावलेल्या कामगाराच्या पुढे डोंगर उभा राहतो. त्यावर प्रकाशाचा एक ठिपका टेकवीत टेकवीत तो समान उंचीच्या रेषा आखतो. विसाव्या शतकात कितीतरी मुलखांचे नकाशे अशा यंत्रांवर तयार झाले. शाळेतील भूगोलाच्या तासाला ज्या रेषांना आपण कंटाळतो, त्या रेषा अशा जन्मल्या. आणि १९९७ च्या जुलैत पाथफाइंडर यान मंगळावर उतरले, तेव्हा तेथील खडक लोकांना दाखविण्यासाठी हीच दीडशे वर्षांची जुनी युक्ती कामी आली. छापावयास स्वस्त, आणि चष्मा पुठ्ठ्याचा.

आता पालकांकडे वळतो.

१९६० च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बेला युलेश नावाचा हंगेरियन शास्त्रज्ञ काम करीत होता. त्याने संगणकाकडून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे अस्ताव्यस्त चौकोन काढविले. दोन चौकोन अगदी सारखे. फक्त एकात मधला भाग किंचित सरकविलेला. एकेका डोळ्याने पाहिले तर केवळ सांडलेली राई. दोन्ही डोळ्यांना आपापला चौकोन मिळाला की मधला भाग उठून पुढे येतो. त्याने १९७१ मध्ये पुस्तक काढले, त्यात अशी चित्रे लाल-हिरव्या रंगांत छापली आणि सोबत चष्मा दिला. ह्या चित्रांत ओळखीचे काही नसते, छाया नसते, अंदाजास जागा नसते. ज्याचे दोन डोळे मेंदूत एकत्र काम करतात त्यालाच आकृती दिसते. म्हणून मुलांची दृष्टी तपासण्यास ह्याचा उपयोग होऊ लागला. १९७० च्या दशकात हॉलंडमध्ये तयार झालेली टीएनओ नावाची तपासणी अशाच लाल-हिरव्या ठिपक्यांची आहे. मूल अंदाजाने 'दिसले' म्हणून सुटू शकत नाही. फुलपाखरू कोठे आहे ते बोटाने दाखवावे लागते.

हे तपासणे का महत्त्वाचे, ते ह्यूबेल आणि वीझेल यांनी दाखविले. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीच्या काही आठवड्यांत झाकून ठेवला, तर पुढे तो उघडूनही मेंदू त्याचे ऐकत नाही. त्याच्या वाट्याच्या पेशी दुसऱ्या डोळ्याने बळकावलेल्या असतात. ह्या संशोधनाला १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मुलातही असेच घडते. एक डोळा तिरळा असेल, किंवा एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल, तर दुहेरी चित्राचा त्रास टाळण्यासाठी मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. मूल तक्रार करीत नाही, कारण त्याला दुसरे काही ठाऊकच नसते. उपाय साधा असतो: योग्य चष्मा, चांगल्या डोळ्यावर रोज ठराविक वेळ पट्टी, काहींना शस्त्रक्रिया. पण वेळ महत्त्वाची. सातव्या-आठव्या वर्षापूर्वी सुरुवात झाली तर गुण चांगला येतो. पुढे अवघड होत जाते. अगदीच दार बंद होते असेही नाही. सुझन बॅरी ह्या अमेरिकन प्राध्यापिकेला लहानपणापासून तिरळेपणा होता. वयाच्या ४८ व्या वर्षी सराव करून तिला प्रथमच खोली दिसू लागली, आणि २००९ मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिले. परंतु असे उदाहरण विरळा.

आपल्या मोहल्ल्यांतून अजून ऐकू येते की तिरळे मूल नशीबवान असते, किंवा मोठेपणी डोळा आपोआप सरळ होतो. जन्मल्यानंतर पहिले तीन-चार महिने डोळे कधी कधी भरकटतात हे खरे. त्यानंतरही भरकटत असतील तर नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. दादी-नानी काही म्हणोत.

तर तो मुलगा. प्रदर्शनानंतर आठ-दहा दिवसांनी मी सहज त्याच्या वहीकडे पाहत होतो. लिहिताना तो मान एका बाजूस वळवीत होता, आणि थकला की डावा डोळा किंचित नाकाकडे सरके. मी त्याला माझ्या हातातील दोन खडूंची टोके एकमेकांना टेकवावयास सांगितले. दोनदा ती हुकली. त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. अब्बा म्हणाले, "मास्तर, त्याला तर लांबची बसची पाटीसुद्धा वाचता येते." येतच असणार, उजवा डोळा उत्तम होता. जिल्ह्याच्या गावी तपासणी झाली तेव्हा डाव्या डोळ्याला तक्त्याच्या वरच्या दोन ओळींपलीकडे वाचता आले नाही. मुलगा बारा वर्षांचा होता. चष्मा मिळाला, पट्टीही बांधली. वर्षभरात डाव्या डोळ्याने तो आणखी तीन ओळी वाचू लागला. पेटी मात्र त्याला कधी दिसली नाही.

मी त्याची माफी मागितली, पण ती वर्गात नव्हे, त्याच्या घरी. दटावले होते ते मात्र चारचौघांत. तेव्हापासून दर जूनमध्ये पहिलीची मुले आली की मी पुठ्ठ्याचे चष्मे आणि लाल-निळ्या चौकोनांचा तक्ता घेऊन त्यांच्या वर्गात जातो. पाच मिनिटांचे काम असते. जो म्हणेल "सर, नुसत्या रेघा दिसतात," त्याचे नाव मी वहीत लिहून घेतो आणि त्याच दिवशी घरी चिठ्ठी पाठवितो.